एकतिसावं कलम

"सांग गो बाय, देवीक काय इचारूचा ता," असं म्हणत भिवा गुरवाने तगरीची ओली पाकळी सातेरी देवीच्या डाव्या खांद्यावर चिकटवली. उजव्या खांद्यावरची आधीच लावून झाली होती. उजवी आधी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. आमच्या शिरेखोलात सोयरिकीपासून विहिरीपर्यंत सगळे निकाल असेच लागत आले होते.

मी गाभाऱ्याच्या उंबऱ्याबाहेर हात जोडून उभी होते. मागे सभामंडपात आमच्या रापणीची सत्तर-बहात्तर माणसं दाटीवाटीने उभी होती. सगळ्यांत पुढे माझे वडील, सोनू सारंग, रापणीचे तांडेल, म्हणजे मासेमारीतले म्होरके. सकाळचे नऊ वाजले होते, मार्चचा उकाडा होता, आणि देवळाच्या एकुलत्या एका दारात एवढी गर्दी होती की मला घेरी आली असती तरी पडायला जागा नव्हती.

"घाल गाऱ्हाणा," बाबा मागून हळूच म्हणाले. "देवी आपलीच आसा."

मी ओढणी डोक्यावरून नीट घेतली. देवावर माझा तेव्हा काडीचा विश्वास नव्हता, तरीही.

मी त्या वेळी मुंबईत 'लोकबोध' नावाच्या संस्थेत होते. कायद्याची पदवी घेतलेली गावातली मी पहिलीच, त्यामुळे माझा तोरा काय वर्णावा! संस्थेचं काम असं की दिल्लीत एखादं विधेयक संसदेपुढे आलं की त्याची साध्या मराठीत पुस्तिका करायची आणि ज्यांच्या डोक्यावर ते येऊन पडणार त्यांना नेऊन वाचून दाखवायची. त्या वर्षी मासेमारी आणि किनारा यांच्याबद्दलचं एक विधेयक आलं होतं. नाव मारुतीच्या शेपटाएवढं, कलमं बेचाळीस, आणि एकेक वाक्य असं की शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात कशाने झाली होती तेच विसरायला व्हावं. संसदेच्या समितीने लोकांच्या हरकती नि सूचना मागवल्या होत्या, मुदत महिनाअखेरची. पुस्तिका मी लिहिली होती.

आताच सांगून टाकते, म्हणजे उगाच कुणाचा जीव टांगणीला नको. त्या विधेयकाचा कायदा कधी झालाच नाही. पुढे लोकसभा विसर्जित झाली आणि ते बारगळलं. माझी नोकरी मात्र त्याआधीच, त्या मार्चमध्येच गेली होती.

विधेयक वाईट नव्हतं, हीच तर पंचाईत होती. आमची वाडी रापणीवर जगते. रापण म्हणजे होडीने समुद्रात अर्धगोल टाकलेलं भलंमोठं जाळं. त्याची दोन्ही टोकं वाळूवर आणायची आणि अख्ख्या वाडीने मिळून ओढायची. जो दोरीला हात लावेल त्याला मासळीचा एक वाटा. तांडेलाला दोन, एक मेहनतीचा आणि एक मानाचा. पण मोठे ट्रॉलर किनाऱ्याला खेटून येत आणि आमच्या जाळ्यापर्यंत मासळी पोचायच्या आत खरवडून नेत. ट्रॉलर आवरा म्हणून बाबांनी पंधरा वर्षं अर्ज केले होते. विधेयकाच्या तिसाव्या कलमात नेमकं तेच होतं: बारा वाव खोल पाण्यापर्यंत फक्त रापण आणि लहान होड्या, ट्रॉलर आत आला की जप्त.

आणि एकतिसाव्या कलमात असं होतं की ज्या किनाऱ्याच्या वहिवाटीची नोंद सरकारी दप्तरात नाही, तो वर्षभराने मोकळा समजला जाईल आणि दुसऱ्या कामाला देता येईल. शिरेखोलच्या वाळूची नोंद कुठल्या दप्तरात असणार? वाळूचा सातबारा कधी कुणी काढलाय? एक कलम आम्हाला समुद्र देत होतं आणि पुढचंच कलम वाळू काढून घेत होतं. वाळू गेल्यावर रापण काय ढगात उभं राहून ओढायची?

मी ते कलमही लिहिलं होतं, अगदी सोपं करून, एका पानात. पण त्यामुळे पुस्तिका झाली सतरा पानांची आणि छापखान्याचा फर्मा सोळा पानांचा. एक पान वाढलं की चार वाढतात. माझे वरिष्ठ टिपणीस सर चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "हे एकतीस काढा. ते समितीत बदलणारच आहे."

"पण सर, किनाऱ्यावरच्या लोकांना तर तेच..."

"लोक तेवढंच धरून बसतील. मग तिसाव्याला पाठिंबा कोण देणार? तुमच्या वडलांनाच हवंय ना ते? सोपं लिहायचं म्हणजे काय लिहायचं नाही हे कळायला हवं, हेमलताबाई."

बोलण्यात तथ्य होतं. निदान तसं वाटून घेणं मला सोयीचं होतं. मी पान काढलं. पुढच्या कलमांचे आकडे बदलले नाहीत, कारण आकडे विधेयकातले होते, ते मी कसे बदलणार? संस्थेत चार जणांनी मुद्रितं तपासली, कुणाच्याही लक्षात आलं नाही.

कौलाच्या आदल्या दिवशी मांगरात, म्हणजे जाळी ठेवायच्या आमच्या झापांच्या शेडमध्ये, मी पुस्तिका वाचून दाखवली. छापलेली मराठी बाजूला ठेवून चक्क मालवणीत सांगत सुटले. दिल्लीचा कायदा आपल्या बोलीत ऐकून म्हाताऱ्या बायकाही सरसावून बसल्या. तिसावं कलम आलं तेव्हा दाजी कुबल उठून उभा राहिला. बाबांच्या खालोखाल रापणीत त्याचा शब्द. दोन वर्षांपूर्वी ट्रॉलरने त्याचं नवंकोरं जाळं मधोमध फाडलं होतं.

"म्हणजे ट्रॉलर आत इलो तर आमी तेका धरूचो?"

"तुमी धरूचो नाय, दाजीकाका. तुमी कळवूचा. धरतले ते."

"धरूक गावलो असतो तर बरा झाला असता," दाजी म्हणाला आणि मांगर हसण्याने दणाणला. मग तो सगळ्यांकडे वळला. "आमच्या हेमान लिवलेला हा ह्या. ह्येच्यात खोट कशी आसतली?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण मी हसले, आणि पिशवीतून संमतीपत्रांचा गठ्ठा काढला. लोक तिथल्या तिथे सह्या करायला तयार होते. बाबा मात्र कोपऱ्यात जाळं शिवत बसले होते, मांडीवर पुस्तिका उघडी होती. ते मान वर न करता म्हणाले, "आधी कौल."

अख्ख्या रापणीचा प्रश्न म्हणजे सातेरीला विचारल्याशिवाय पान हलायचं नाही. मी म्हटलं, "बरा, भिवाकाका घालतले गाऱ्हाणा."

"मी कित्याक?" भिवा गुरव म्हणाला. "जेणा इषय आणलो तेणाच घालूचा. आणि सवाल पुरो घालूक होयो. अर्धो सवाल घातलो तरी देवी कौल देता, नाय म्हणणा नाय. पण मगे ता भोगूक लागता रापणीक."

"माझा चेडू घालतला," बाबा म्हणाले. "पुरो घालतला."

केवढा अभिमान बापाला, असं बायका म्हणाल्या. मलाही तो अभिमानच वाटला.

आणि आता मी देवळात उभी होते.

"आई सातेरी माऊली," मी सुरुवात केली. "आज रापणीची सगळी लेकरा तुझ्या पायाशी जमली आसत."

"व्हय म्हाराजा!" मागून सगळे एका सुरात म्हणाले.

"दिल्लीत दर्याचो कायदो होतासा. बारा वावाच्या आत ट्रॉलर येवचो नाय, दर्या रापणीचो रवतलो..."

"व्हय म्हाराजा!"

"तर ह्या कायद्याक शिरेखोलान होकार देवचो काय, ता तू सांग माये."

"व्हय म्हाराजा!"

सगळे पाकळ्यांकडे बघत राहिले. पाकळ्या हलल्या नाहीत. पाच मिनिटं गेली, पंधरा गेली. कौल येईपर्यंत देवळातून कुणी बाहेर पडायचं नाही असा दंडक आहे. पोरं रडायला लागली, समईचा धूर डोळ्यांत जायला लागला, माझ्या पाठीवरून घामाचे ओघळ उतरत होते. पाणी भरत आलं होतं, रापण टाकायची वेळ झाली होती आणि दाजी सारखा मान उंचावून दाराबाहेर समुद्राकडे बघत होता. कितीही नाही म्हटलं तरी माझ्या मनात एकच घोळत होतं, की हिला कळलंय.

"सवाल पुरो आसा मा गो?" भिवाने विचारलं.

मी उत्तर द्यायच्या आत बाबा एक पाऊल पुढे आले. "हेमा, अजून काय रवला आसात तर सांग. वेळ गेललो नाय."

मी मागे वळून बघितलं. सगळे देवीकडे बघत होते आणि बाबा एकटे माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, भरतीची वेळ टळतेय म्हणून त्यांना घाई झाली असेल.

तेव्हा बोलायला हवं होतं. पण बोलले असते तर लगेच पुढचा प्रश्न होता, काल का नाही वाचलंस? त्याच्या पुढचा, पुस्तकात का नाही घातलंस? आणि त्या बहात्तर माणसांत माझ्या बापाची मान खाली गेली असती. मी एका खोटेपणाला दुसऱ्याची ठिगळं लावत इतकी आत आले होते की मागे फिरायला वाटच दिसत नव्हती.

"नाय बाबा," मी म्हटलं. "इतक्याच आसा."

आणि मग दहा वर्षं देवाला मनापासून हात न जोडलेली मी मनातल्या मनात त्या दगडाच्या हातापाया पडायला लागले. डावी पाड, आई. डावी पाड. गावाने नाही म्हटलं असं मी टिपणीस सरांना सांगेन, सगळं इथल्या इथे मिटेल, कुणालाच काही कळायचं नाही. तू एवढं कर आणि मला सोडव.

उजवी पाकळी पडली.

देवळात एकच जल्लोष झाला. दाजीने मला पोरीसारखी उचलायचीच बाकी ठेवली. भिवाने ती पाकळी प्रसाद म्हणून माझ्या तळहातावर ठेवली. तिथेच, देवीसमोर, सह्या आणि अंगठे झाले. बाबांनी सगळ्यांत शेवटी सही केली. पेन हातात घेऊन ते बराच वेळ कागदाकडे बघत बसले होते.

दुपारची एसटी गाठायची तर खाडी ओलांडून पलीकडे जायला हवं. बाबा माझी पिशवी घेऊन तरीपर्यंत, म्हणजे खाडीतल्या होडीपर्यंत, सोडायला आले. ती पलीकडच्या काठाला होती. आम्ही धक्क्यावर उभे राहिलो. बाबांनी खिशातून पुस्तिका काढली, घडी उलगडली आणि एका आकड्यावर बोट ठेवलं.

"हे तीस." त्यांनी पान उलटलं. "हे बत्तीस. मधला खंय गेला?"

बाबा चौथी शिकलेले. अक्षरं अडखळत वाचायचे, पण आकडे पक्के.

मी सगळं सांगितलं. सतरा पानं, फर्मा, टिपणीस सर, वर्षभराची मुदत.

"म्हणजे आपली वाळू जातली," ते म्हणाले.

"तुमका कधी कळला?"

"काल, तू वाचत हुतस तेवाच. जाळा शिवताना हात जाळ्याचे डोळे मोजता. एक डोळो सुटलो काय हाताक कळता."

"मगे काल कित्याक नाय बोललास?"

"चार माणसांत माझ्या चेडवाक खोट्यात घालू?" बाबा खाडीकडे बघत म्हणाले. "म्हणान तुका देवीसमोर उभी केलंय. वाटला, थय तरी सांगतला."

मला तिथेच धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं. ज्याला मी अभिमान समजले ती त्यांनी माझ्यासाठी मोकळी ठेवलेली वाट होती, आणि त्यांनी ती दोनदा दाखवली होती.

"आणि तुमी सही केलास? म्हायती आसान?"

"देवीन कौल दिल्यान. तांडेल कौल मोडता काय?" त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली. "तर इली बघ. जा."

ते मागे न बघता समुद्राच्या बाजूला निघून गेले. तिकडून रापण ओढणाऱ्यांची आरोळी येत होती. मी तरीत एक पाय ठेवला. पिशवीत बहात्तर संमतीपत्रं होती, त्यांतलं एक माझ्या बापाचं.

"बसतंस काय गो? का नुसती उभी रवतलंस?" तरवाल्याने विचारलं.

मी पाय काढून घेतला आणि वाळूकडे धावत सुटले.

रापणीच्या दोन दोऱ्या लागल्या होत्या. एका दोरीला बाबा, दुसरीला दाजी. मी चपला फेकल्या, ओढणी कमरेला बांधली आणि दाजीच्या मागे दोरी धरली. दोरी हातात आल्यावर ती कुणी सोडत नाही. सोडली तर जाळं पाण्याच्या ओढीने वाहून जातं आणि सगळ्यांचा दिवस जातो. म्हणून तर मी तिथे गेले. तिथून ते उठून जाऊ शकणार नव्हते आणि मीही नाही.

"दाजीकाका, एक कलम मी वाचूक नाय."

"मगे वाच. आता ओढ."

"आता ऐका," मी म्हटलं आणि दोन्ही दोऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलायला लागले. दोन पावलं मागे, एक वाक्य. दोन पावलं मागे, एक वाक्य. एकतिसावं कलम इतक्या सोप्या भाषेत मी कधीच सांगितलं नव्हतं. ही वाळू कागदावर आपली नाही. वर्षात कागद केला नाही तर ती जाणार. हे मला ठाऊक होतं. मीच ते पुस्तकातून काढलं. देवीसमोर बाबांनी विचारलं तेव्हाही मी खोटं बोलले.

आरोळी थांबली, पण दोरी ढिली झाली नाही. दाजी मान न वळवता बोलला.

"कौल घेतल्यार सांगतस?"

"चुकलंय, दाजीकाका."

"तू चुकलंस, आणि आमी खंय जावचा? होकार धाडलो तर वाळू जाता. मोडलो तर देवी कोपता. आणि दर्या गावललो, तोय गेलो." त्याचा आवाज चिरकला. "काल सांगलं असतंस तर आमी भांडलो असतो गो तुझ्यावांगडा. भांडान काय ता ठरवला असता."

भिवा गुरव देवीचा वाटा न्यायला वाळूवर येऊन बसला होता. तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "कौल मोडूक येता. पण कोणाकतरी तो आपल्या माथ्यार घेवक होयो. आणि तेणा मगे तांडेल रवाचा नाय."

पलीकडच्या दोरीवरून बाबांनी हे ऐकलं असणार. ते ओढतच राहिले.

जाळं किनाऱ्याला लागलं तेव्हा बांगड्यांनी गच्च भरलेलं होतं. दोन वर्षांत एवढी मासळी आली नव्हती. एरवी अशा वेळी काय आरडाओरडा असतो! बायकांनी मुकाट्याने वाटे घालायला घेतले. मी पिशवीतून संमतीपत्रांचा गठ्ठा काढून दाजीपुढे धरला. त्याने हात मागे घेतले. कौल दिलेल्या कागदाला हात लावायला कुणी पुढे येईना. मी तो गठ्ठा धरून सगळ्यांच्या मधोमध उभी राहिले.

बाबा आले. ओले हात लुंगीला पुसले, माझ्या हातातून गठ्ठा घेतला आणि तो सबंध एकदम फाटेना म्हणून चार-चार कागद करून शांतपणे फाडत बसले. सगळे फाडून होईपर्यंत वाडी उभी होती. मग त्यांनी तुकडे गोळा करून टोपलीत भरले.

वाटे लागले. माणसामागे एक ढीग. माझ्यापुढेही एक पडला, अकरा बांगडे. मला वाकून तो उचलवेना.

"घे," बाबा म्हणाले. "दोरीक हात लावलंस मा?"

मी ओढणी पसरली आणि बांगडे त्यात घेतले. डोळ्यांतलं पाणी पुसायला हात रिकामा नव्हता.

बाबांच्या पुढे नेहमीप्रमाणे दोन ढीग घातले होते. ते खाली वाकले, त्यांनी एक टोपलीत भरला, आणि दुसरा दोन्ही हातांनी दाजी कुबलाच्या पुढे सरकवला.